दाब, उंची आणि शब्द : विमानातील उंचीमापकाचे प्रामाण्य

विमान किती उंचीवर आहे हे वैमानिकास सांगणाऱ्या उपकरणास उंचीमापक असे म्हणतात. हे नाव व्यवहारास सोयीचे असले, तरी काटेकोरपणे पाहता ते यथार्थ नाही. उंचीमापक उंची मोजत नाही. तो हवेचा दाब मोजतो आणि त्या दाबाचे उंचीच्या भाषेत रूपांतर करून दाखवितो. तबकडीवर दिसणारा आकडा हे मापन नसून एक विधान आहे, आणि प्रत्येक विधानाप्रमाणे त्याचेही प्रामाण्य कोठून येते, हा प्रश्न विचारता येतो.

भारतीय न्यायशास्त्राने ज्ञानाची चार साधने मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांपैकी उपमान वगळल्यास उरलेली तीनही उंचीमापकाच्या एका आकड्यात एकत्र आलेली असतात. दाब हा त्यातील प्रत्यक्षाचा भाग होय. दाबावरून काढलेली उंची हे अनुमान होय. त्या अनुमानाचा आरंभबिंदू जमिनीवरून कोणीतरी सांगितलेल्या आकड्यावर अवलंबून असतो, म्हणजे तेथे शब्दप्रमाण येते. या तिन्हींपैकी कोणत्याही एकात दोष आला, तरी तबकडीवरचा काटा पूर्वीसारखाच स्थिर आणि निःशंक दिसतो. त्यातच या उपकरणाचे मर्म आहे व धोकाही आहे.

१. प्रत्यक्ष : डबीतील हवा

हवेला वजन असते, आणि पृथ्वीवरील प्रत्येक वस्तू आपल्या माथ्यावरील हवेच्या स्तंभाचा भार सोसत असते. इटलीतील तोरिचेल्ली याने १६४३-४४ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीच्या साहाय्याने हा दाब दृश्यमान केला. वर जावे तसा माथ्यावरील स्तंभ आखूड होतो. म्हणून दाब कमी झाला पाहिजे, असा तर्क फ्रान्समधील पास्कालने केला. तो पडताळून पाहण्यासाठी त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी मध्य फ्रान्समधील प्वी द दोम हा पर्वत चढून गेला. सुमारे एक हजार मीटर चढून गेल्यावर नळीतील पारा आठ सेंटिमीटरांहून थोडा अधिक खाली आला होता.

या प्रयोगातील एक तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. पेरिएने दुसरी एक नळी पायथ्याशी एका मठाच्या आवारात ठेवली होती, आणि दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवण्यास एका धर्मोपदेशकास सांगितले होते. पर्वतावर पारा उतरला तो चढण्यामुळेच, हवामान पालटल्यामुळे नव्हे, हे त्या खालच्या नळीने सिद्ध केले. वर गेलेल्या माणसाच्या मापनाला अर्थ यावयाचा, तर खाली थांबलेल्या माणसाची साक्ष हवी, हे तत्त्व त्या दिवशीच प्रस्थापित झाले. आजचे प्रत्येक विमान त्याच तत्त्वावर उतरते.

पाऱ्याची नळी विमानात उपयोगी नाही. तिची जागा घेणारे साधन फ्रान्समधील ल्यूसियाँ व्हिदी याने १८४४ मध्ये सिद्ध केले. पातळ धातूच्या, वळ्या पाडलेल्या डबीतील हवा काढून घेऊन ती बंद केली, की बाहेरचा दाब वाढल्यास ती किंचित दबते आणि कमी झाल्यास फुगते. हीच निर्द्रव वायुदाबमापकाची डबी होय. उंचीमापकात अशा डब्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांची सूक्ष्म हालचाल तरफा व दंतचक्रे यांच्याद्वारे वाढवून काट्यापर्यंत पोहोचविली जाते. अलीकडच्या मोठ्या विमानांत ही हालचाल विद्युत्-संवेदकांनी टिपून संगणकाकडे दिली जाते. पण तत्त्व तेच राहते.

डबीभोवतीच्या पेटीत बाहेरची हवा यावी यासाठी विमानाच्या अंगावर बारीक छिद्रे ठेवलेली असतात. वेगाने धावणाऱ्या विमानावर समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब वेगळा आणि तेथील वातावरणाचा स्थिर दाब वेगळा. म्हणून छिद्रांची जागा फार काळजीपूर्वक निवडावी लागते. उंचीमापकाचे सर्व ज्ञानेंद्रिय म्हणजे ही छिद्रे. ती बुजली, की पेटीत कोंडलेल्या हवेचा दाब हाच बाहेरचा दाब असल्याचे उपकरण सांगत राहते.

२ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून सांतियागोकडे निघालेल्या बोइंग ७५७ विमानाच्या बाबतीत हेच घडले. विमान धुताना छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढावयाची राहून गेली होती. रात्रीची वेळ, खाली काळोखा समुद्र. उंची व वेग दोन्ही विसंगत दिसू लागताच वैमानिकांनी नियंत्रकास आपली उंची विचारली, आणि त्याने ती सांगितलीही. परंतु नियंत्रकाच्या पडद्यावरील उंचीचा आकडा विमानाने स्वतःच पाठविलेला होता. तो त्याच बुजलेल्या छिद्रांतून आलेला होता. वैमानिकांना दोन साक्षी मिळाल्या असे वाटले, वस्तुतः ती एकाच साक्षीची पुनरुक्ती होती. रेडिओलहरींनी खालचे अंतर मोजणारी स्वतंत्र यंत्रणा जमीन जवळ आल्याचा इशारा देत होती. पण उंचीमापक सुमारे ९,७०० फूट दाखवीत असताना विमान समुद्रावर आदळले. त्यातील ७० जणांपैकी कोणीही वाचले नाही.

२. अनुमान : दाबावरून उंची

प्रत्यक्ष निर्दोष असले, तरी पुढचा प्रश्न उरतोच : अमुक दाब म्हणजे किती उंची? दाब आणि उंची यांचा संबंध सरळ प्रमाणाचा नाही. वरची हवा विरळ असते. त्यामुळे तेथे दाबात तेवढाच फरक पडण्यास अधिक चढावे लागते. समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कल दाब कमी होण्यास सुमारे २७ फूट चढणे पुरते. ३०,००० फुटांवर त्याच एका हेक्टोपास्कलसाठी सुमारे ७३ फूट चढावे लागते. या संबंधाचे गणिती रूप एडमंड हॅली याने १६८६ मध्येच मांडले होते.

पण या गणितात हवेचे तापमान येते, आणि ते स्थळकाळानुसार बदलते. हा अडसर दूर करण्यासाठी एक आदर्श वातावरण कल्पिले आहे, त्यास आंतरराष्ट्रीय प्रमाण वातावरण म्हणतात. त्यात समुद्रसपाटीवर दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल व तापमान १५° से. असते. ११ किलोमीटरपर्यंत दर किलोमीटरला तापमान ६.५ अंशांनी उतरते, आणि तेथे ते उणे ५६.५° से. होते. या वातावरणात १०,००० फुटांवर सुमारे ६९७, १८,००० फुटांवर ५०६ आणि ३०,००० फुटांवर ३०१ हेक्टोपास्कल दाब असतो. उंचीमापकाची तबकडी या कोष्टकानुसार आखलेली असते.

जेथे धूर तेथे अग्नी, या व्याप्तीच्या बळावर डोंगरावरील धुरावरून अग्नीचे अनुमान केले जाते. ‘जेथे हा दाब तेथे ही उंची’ ही उंचीमापकाची व्याप्ती होय. परंतु ती निरुपाधिक नाही. ‘वातावरण प्रमाण असेल तर’ ही उपाधी तिला चिकटलेली आहे, आणि असे वातावरण प्रत्यक्षात क्वचितच आढळते.

थंडीचा परिणाम यात विशेष धोक्याचा ठरतो. थंड हवा आकुंचन पावते. तिचे थर जवळजवळ येतात, आणि प्रमाण वातावरणात ज्या उंचीवर मिळाला असता तो दाब प्रत्यक्षात त्याच्या खालीच मिळतो. विमान जेवढे उंच दाखविले जाते, तेवढे ते नसते. स्थूलमानाने, प्रमाणापेक्षा तापमान दहा अंशांनी कमी असल्यास खऱ्या उंचीत सुमारे चार टक्के घट होते. समुद्रसपाटीजवळच्या विमानतळावर उणे २०° से. तापमान असेल, तर त्यावर ३,००० फूट दाखविणारे विमान प्रत्यक्षात सुमारे ४०० फूट खाली असू शकते. म्हणून थंड प्रदेशांतील विमानतळांवर डोंगरांलगतच्या किमान उंचीत अशी भर घालावी लागते. उष्ण हवेत चूक उलट दिशेने होते, आणि ती तुलनेने निरुपद्रवी असते.

३. शब्द : जमिनीवरून आलेला आकडा

समुद्रसपाटीवरील दाबही एकसारखा नसतो. मुंबईत जुलै महिन्यातील सरासरी दाब जानेवारीतील दाबापेक्षा सुमारे ८ ते १० हेक्टोपास्कलनी कमी असतो. एखादे विमान जानेवारीत तेथे उभे करून ठेवले आणि उपकरणास हात लावला नाही, तर जुलैत ते जागेवरून न हलताही सुमारे अडीचशे फूट वर गेल्याचे दिसेल. पावसाळी ढगांतून धावपट्टी शोधीत उतरणाऱ्या विमानास एवढी चूक पुरेशी घातक आहे.

यावरचा उपाय जर्मनीत जन्मलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या पाउल कोल्समन याच्या १९२८ च्या संवेदनशील उंचीमापकाने रूढ झाला. तबकडीच्या कडेला एक लहान खिडकी असते, आणि खुंटी फिरवून तिच्यात त्या दिवसाचा दाब लावता येतो. दाब लावताच काटे तेवढे सरकतात. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जेम्स डूलिटल याने न्यूयॉर्कजवळ आच्छादित कक्षात बसून, बाहेरचे काहीही न पाहता, केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडविले आणि उतरविले. त्यात या उपकरणाचा मोठा वाटा होता.

खिडकीत कोणता दाब लावावयाचा, यानुसार एकाच काट्याचे तीन अर्थ होतात. त्यांना बिनतारी तारायंत्राच्या काळातील सांकेतिक नावे आहेत. क्यूएनएच लावल्यास काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवितो, आणि धावपट्टीवर उभ्या विमानात विमानतळाची स्वतःची उंची दिसते. क्यूएफई लावल्यास धावपट्टीवर शून्य दिसते. १०१३.२५ हा प्रमाण दाब लावल्यास जी मिळते तिला उड्डाणस्तर म्हणतात. उड्डाणस्तर ३५० म्हणजे त्या मोजणीने ३५,००० फूट. क्यूएनएचमधील ‘एन’ व ‘एच’ अथवा क्यूएफईमधील ‘एफ’ व ‘ई’ ही इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे असल्याची व्युत्पत्ती वैमानिकांत प्रचलित आहे. ती लोकव्युत्पत्ती होय. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या या संकेतावलीत अक्षरे यादृच्छिकच होती, पण स्मरणाच्या सोयीसाठी यादृच्छिकास अर्थ चिकटविण्याची भाषेची सवय येथेही दिसून येते. इंग्रजीत या भिन्न उंचींना भिन्न शब्द आहेत. मराठीत सर्वांस ‘उंची’ हा एकच शब्द पुरतो, म्हणून मराठीत लिहिताना ‘कशापासूनची’ हे प्रत्येक वेळी सांगणे आवश्यक ठरते.

उड्डाणस्तराची कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटते. उंच आकाशात सर्व विमाने खालचा खरा दाब सोडून देऊन १०१३.२५ हा कल्पित दाब लावतात. अर्थात् सर्वांचे आकडे वास्तव उंचीपासून काही अंशी ढळलेले असतात. पण तेथे जमीन फार खाली राहिलेली असते. प्रश्न असतो तो एकमेकांस टाळण्याचा. एकाच ठिकाणी एकच दाब असल्याने सर्वांची चूक सारखीच होते, आणि म्हणून दोन विमानांमधील अंतर विश्वसनीय राहते. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात हे अंतर पूर्वी २,००० फूट होते. अधिक अचूक उपकरणांमुळे ते १,००० फुटांवर आणले गेले. उत्तर अटलांटिकवर हे १९९७ मध्ये आणि भारतात २००३ मध्ये झाले. जमिनीजवळ आकडा खरा असावा लागतो. आकाशात तो समाईक असला की पुरे. भाषेतील शब्दही वस्तूशी असलेल्या साम्यामुळे नव्हे, तर बोलणाऱ्यांच्या सामाईक संकेतामुळेच कार्य करतात. उपग्रहांच्या साहाय्याने आज खरी उंची मिळू शकत असली, तरी काहींनी खरी आणि काहींनी संकेताची उंची वापरल्यास अनर्थ ओढवेल. म्हणून दाबाचा संकेत अद्याप टिकून आहे.

उतरताना मात्र संकेत सोडून सत्याकडे यावे लागते, आणि ते सत्य शब्दानेच कळते. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर एक एअरबस ए-३२० विमान ढगांतून उतरत होते. दाब १००१ होता. नियंत्रकाने तो चुकून १०११ असा सांगितला. वैमानिकांनी ऐकला तो आकडा जसाच्या तसा परत म्हणून दाखविला, आणि चूक कोणाच्या लक्षात आली नाही. दहा हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे २८० फूट. उंचीमापक निर्दोष, छिद्रे मोकळी, गणित बरोबर. तरीही विमान अपेक्षेपेक्षा तेवढे खाली होते. ठरलेल्या किमान उंचीपर्यंत धावपट्टी न दिसल्याने वैमानिकांनी विमान पुन्हा वर घेतले. त्या क्षणी ते धावपट्टीच्या अलीकडे सुमारे दीड किलोमीटरवर होते, आणि त्याची जमिनीपासूनची न्यूनतम उंची ६ फूट नोंदली गेली. पुनरुच्चाराचा नियम ऐकण्यातील चूक पकडण्यासाठी आहे. बोलण्यातील चूक तो केवळ दृढ करतो.

कधी चूक आकड्याच्या उच्चारात दडलेली असते. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ एका मालवाहू बोइंग ७४७ विमानास २,४०० फुटांपर्यंत उतरण्याची आज्ञा झाली. ती ‘टू फोर झीरो झीरो’ अशी उच्चारली गेली. इंग्रजीत ‘दोन’ या अर्थाचा शब्द आणि ‘पर्यंत’ या अर्थाचा शब्द समोच्चारी आहेत. वैमानिकांनी ‘४०० पर्यंत’ असा अर्थ घेतला, विमान डोंगरावर आदळले आणि त्यातील चौघेही मृत्युमुखी पडले. असे संदेह टाळण्यासाठी हवाई संभाषणाच्या प्रमाण इंग्रजीत अंक सुटे उच्चारण्याचे, तीनचा उच्चार ‘ट्री’, पाचचा ‘फाइफ’ व नऊचा ‘नाइनर’ असा करण्याचे नियम केले आहेत. ध्वनींतील भेद हेतुपुरस्सर वाढविण्याचे हे लक्षणीय उदाहरण होय.

भारतास या विषयाची किंमत १२ नोव्हेंबर १९९६ रोजी मोजावी लागली. दिल्लीच्या पश्चिमेस, हरयाणातील चरखी दादरीच्या आकाशात चढणारे सौदी बोइंग ७४७ आणि उतरणारे कझाक इल्यूशिन-७६ यांची टक्कर होऊन ३४९ माणसे दगावली. सौदी विमानास १४,००० फुटांपर्यंत चढण्याची आणि कझाक विमानास १५,००० फुटांवर थांबण्याची आज्ञा होती. कझाक विमान १५,००० च्या खाली उतरले, हे चौकशीत अपघाताचे कारण ठरले. त्यातील चमूचे इंग्रजीचे ज्ञान अपुरे असल्याचाही उल्लेख चौकशीत आला. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाचे स्थान दिसे, उंची दिसत नसे. नियंत्रकापाशी उंचीचे एकच प्रमाण होते : वैमानिकांचा शब्द.

४. वाचन

तिन्ही प्रमाणे निर्दोष असूनही आकडा वाचणाराच चुकू शकतो. जुन्या उंचीमापकांत घड्याळासारखे तीन काटे असत : शेकड्यांचा, हजारांचा आणि दहा हजारांचा. सर्वांत मोठे मूल्य सर्वांत लहान काट्याकडे होते, आणि तोच कामाच्या गर्दीत नजरेतून निसटे. २४ डिसेंबर १९५८ रोजी दक्षिण इंग्लंडमध्ये ख्राइस्टचर्चजवळ एक ब्रिटानिया विमान धुक्यात जमिनीवर आदळले, आणि त्यातील बारा जणांपैकी नऊ दगावले. ते सुमारे १,५०० फुटांवर असताना वैमानिकांनी ११,५०० असे वाचले होते. त्यानंतर हळूहळू हजारांचे आकडे फिरत्या नळकांड्यावर अंकांतच दाखविण्याची पद्धत रुजली. माणसास अधिक सावध राहण्याचा उपदेश करण्यापेक्षा लिपी सुवाच्य करणे अधिक गुणकारी, हा त्यातील धडा होय.

५. समारोप

लिमा येथे प्रत्यक्षास बाधा आली. हिवाळ्यातील डोंगराळ प्रदेशात अनुमानाची उपाधी सुटते. क्वालालंपूर, चरखी दादरी आणि पॅरिस येथे शब्द ढळला. ख्राइस्टचर्चजवळ वाचन चुकले. यांपैकी एकाही प्रसंगी काट्याने आपला दोष स्वतः होऊन जाहीर केला नाही. उपकरणांची अचूकता उत्तरोत्तर वाढत गेली असली, तरी त्यांच्या आकड्यातील शब्दाचा अंश नाहीसा झालेला नाही. म्हणूनच उंची पडताळताना खरा प्रश्न ‘आकडा किती’ हा नसून ‘हा आकडा कोणाच्या साक्षीवर उभा आहे, आणि दुसरी साक्ष तिच्यापासून खरोखर स्वतंत्र आहे काय’ हा असतो. पेरिएने पर्वत चढण्यापूर्वी पायथ्याशी दुसरी नळी ठेवली, ती हाच प्रश्न ओळखून.